हिशेबाचा कारकून, बंदुकीचा नेम

ठासणीची बंदूक भरायची म्हणजे निवांतपणा हवा. आधी नळीच्या तोंडातून मापून दारू ओतायची. (मराठीत पिण्याचीही दारू आणि उडवायचीही दारूच; इथं दुसरी.) मग एक बोळा, मग शिशाची गोळी नाहीतर छर्रे, वरून पुन्हा बोळा, आणि हे सगळं लोखंडी गजानं ठासायचं. म्हणून ठासणीची. शेवटी मागच्या बारीक छिद्रावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप दाबला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. समोर पांढऱ्या धुराचा असा पडदा उभा राहतो की नेम लागला का चुकला, ते धूर विरल्यावरच कळतं. टोपी दमट असेल, दारूला ओल लागली असेल, तर नुसताच खट् आवाज. निकालापासून पिक्चरपर्यंत कशालाही आपण ‘फुसका बार’ म्हणतो ना, ती भाषा या दारूच्या जगातली.

मंचरहून भीमाशंकरकडे निघालात की घोडेगावनंतर शिनोली लागतं आणि पुढं डिंभे धरण. तिथून वर डोंगरातली गावं सुरू होतात. सह्याद्रीच्या कडेच्या अशा गावांत ही बंदूक म्हणजे फक्त म्युझियमच्या काचेमागची वस्तू नाही. रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात तिचा नावानिशी उल्लेख आहे. इकडं कॉलेजातल्या मुलांना मात्र वेगळीच भुरळ असते, रिव्हॉल्वरची. इटलीत ब्रेशियाजवळच्या कारखान्यांत दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्वरांच्या हुबेहूब नव्या प्रती बनतात. फिरणारं नळकांडं, त्यात पाच-सहा घरं, प्रत्येक घरात सुटी दारू, गोळी, मागं टोपी. दिसायला जुन्या, उडतात खऱ्या. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी अशी प्रत जवळपास पुराणवस्तूत जमा होते. आपल्याकडे तसं नाही. दारूच्या जोरावर गोळी उडते ना, मग ते अग्निशस्त्र. मूळ असो की नक्कल, परवाना पाहिजे.

हा कडकपणा आला कुठून? १८७८ सालच्या एका कायद्यातून. आणि तो कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीतला एक कारकून हातात शस्त्र घेऊन डोंगरात गेला. वासुदेव बळवंत फडके. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. आद्य क्रांतिकारक, पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद, मुंबईत मेट्रो थिएटरसमोरचा चौक. पण हा माणूस नेम धरायला शिकला कसा, आणि नेम साधूनही त्याचं पुढं काय झालं, ते त्या परिच्छेदात मावत नाही.

कर्नाळ्याच्या किल्लेदाराचा नातू

४ नोव्हेंबर १८४५ ला पनवेलजवळच्या शिरढोणला त्यांचा जन्म झाला. मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना अंगठ्यासारखा सुळका दिसतो तो कर्नाळा. आज तिथं पक्षी बघायला आणि ट्रेकला गर्दी असते. वासुदेवांचे आजोबा अनंतराव या किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि घरातली सत्ता संपली. म्हणजे हा मुलगा ज्या अंगणात खेळला, तिथून हातातून गेलेला किल्ला रोज दिसत होता. अशा घरात गोष्टी काय सांगितल्या जात असतील, याची कल्पना करायला इतिहासकार व्हायची गरज नाही. १८५७ चा उठाव झाला तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्या उठावाची ठिणगीही एका काडतुसावरूनच पडली होती. दातानं फोडून आतली दारू नळीत ओतायचं चरबी लावलेलं कागदी काडतूस.

कल्याण, मुंबई, पुणे असं थोडं थोडं शिक्षण झालं, इंग्रजी आली आणि त्या काळच्या हुशार मुलाच्या वाट्याला यायची तीच गोष्ट आली. नोकरी. आधी जीआयपी रेल्वेत, मग ग्रँट मेडिकल कॉलेजात, मग लष्कराच्या रसद खात्यात. १८६५ च्या सुमारास बदली होऊन ते पुण्याला आले आणि लष्कराच्या हिशेब कचेरीत बसू लागले. धान्य किती आलं, वैरण किती गेली, कुठल्या खात्यातून पैसे दिले. फौज मोठी कशी होते, तर पोटातून आणि पैशातून. हे ज्याला आतून रोज दिसत होतं असा माणूस पुढं त्याच फौजेच्या विरुद्ध उभा राहिला, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या चरित्रात फार महत्त्वाची वाटते. लोक त्यांना भाबडा, भावनेच्या भरात उठलेला माणूस समजतात. हिशेब त्यांना नीट कळत होता. पुढं अडलं तेही हिशेबापाशीच.

आईच्या आजारपणाची गोष्ट सगळ्या चरित्रांत आहे. १८७० च्या सुमारास आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. साहेबाकडे रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. शेवटी तसेच घरी गेले, तर आई गेलेली. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा नाकारली. एका रजेच्या अर्जावरून कुणी साम्राज्याविरुद्ध उठतो का? उठत नाही. पण आपण कुणाचे नोकर आहोत, हे माणसाला अशा वेळी लख्ख कळतं.

लहुजी वस्तादांचा आखाडा

पुण्यात त्यांना गुरू भेटले ते लहुजी वस्ताद साळवे. लहुजी मातंग समाजातले, पुरंदरच्या पायथ्याचे. वडील राघोजी ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत पडले. लहुजींनी नंतर पुण्यात तालीम सुरू केली. तिथं कुस्ती, दांडपट्टा, घोडेस्वारी आणि निशाणबाजी शिकवली जायची. जोतिबा फुल्यांनीही दांडपट्टा आणि नेमबाजी लहुजींकडेच शिकली. एका ब्राह्मण कारकुनानं, त्या काळच्या पुण्यात, मातंग वस्तादाच्या पायाशी बसून विद्या घ्यावी, ही साधी गोष्ट नव्हती. पण तालमीतल्या मातीला हे सोवळंओवळं कळत नसावं.

इथं थोडं थांबून त्या वेळची निशाणबाजी म्हणजे काय ते बघू. वासुदेव बळवंतांच्या हयातीत जगात जो बार उडाला तो बहुतेक धुराच्याच दारूचा. शोरा, कोळसा, गंधक. त्यात शोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये १८८४ ला तयार झाली, म्हणजे ते वारले त्याच्या पुढच्या वर्षी. प्रत्येक बारानंतर नळीत काजळी धरायची, ती पुसली नाही तर पुढची गोळी अडायची. एक बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत शत्रू अंगावर. म्हणून जुने वस्ताद आधी हात आणि श्वास शिकवायचे, बंदूक नंतर. आणि बंदुकीसोबत पट्टाही शिकवायचे, कारण बार उडून गेला की हातात उरते ती लाकडी दस्त्याची काठीच.

या अडचणीवरचा एक तोडगा म्हणजे रिव्हॉल्वर, आणि त्याचा एक धागा आपल्या देशाशी जुळतो. सॅम्युअल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन पोरगा १८३० मध्ये खलाशी म्हणून कलकत्त्याकडे निघालेल्या जहाजावर चढला. त्या सफरीत त्यानं फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला, अशी नोंद आहे. १८३६ ला त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. एकदा भरलं की पाच-सहा बार. १८५७ मध्ये कोल्ट आणि ॲडम्सची रिव्हॉल्वरं इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होती. पोरगा कलकत्त्याच्या वाटेवर असताना सुचलेली गोष्ट पंचवीस-तीस वर्षांत त्याच मुलखातल्या लोकांवर रोखली गेली. बंदुकांचंही तेच. १८६६ नंतर ब्रिटिश फौजेत मागून काडतूस घालायची स्नायडर रायफल आली, १८७१ ला मार्टिनी-हेन्री. ठासणीच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, स्नायडरमधून दहाच्या आसपास. सत्तावन्नचा धडा घेऊन हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम एक पिढी मागची बंदूक ठेवली जाई. लहुजींच्या आखाड्यात कितीही घाम गाळला तरी ही दरी घामानं भरून निघणारी नव्हती.

वासुदेव बळवंत तरुण पोरांना घेऊन पुण्याबाहेरच्या माळावर आणि टेकड्यांत सराव करू लागले. सदाशिव पेठेत नरसिंहाच्या देवळाजवळ ते राहत. देवघरात दत्ताची उपासना आणि भिंतीवर हत्यारं. पण ते नुसते हत्याराचे वेडे नव्हते, हेही लक्षात ठेवू. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं त्यांनी ऐकली. इथला पैसा विलायतेत कसा वाहून जातो आणि इथले धंदे कसे बसतात, याचा हिशेब रानडे मांडत होते, आणि हिशेब हा तर यांचा रोजचा धंदा. सार्वजनिक काका जोशींच्या स्वदेशीनं ते भारावले. ऐक्यवर्धिनी सभा काढली. वामनराव भावे आणि इंदापूरकरांच्या जोडीनं पुण्यात शाळा उभी केली. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन. तीच आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून चालू आहे. तुमच्यातले कितीतरी जण तिच्याच शाळा-कॉलेजांतून आले असतील. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर गोपिकाबाईंशी लग्न झालं. त्यांना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, आणि शस्त्र चालवायलाही, असं चरित्रकार सांगतात.

दुष्काळ, आणि परवान्याचा कागद

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. देशभरात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. दख्खनला त्याचा मोठा तडाखा बसला. वासुदेव बळवंतांनी गावोगाव फिरून हे डोळ्यांनी पाहिलं. एकीकडे गाव ओस पडतंय, दुसरीकडे १८७७ च्या जानेवारीत दिल्लीला राणीला सम्राज्ञी जाहीर करण्यासाठी दरबार भरलाय. त्यांच्या मनातला उरलासुरला अर्ज-विनंत्यांवरचा विश्वास इथं संपला असावा.

त्याआधीच या भागातले डोंगर पेटलेले होते. शिनोलीच्या वरच्या अंगाला जांभोरी नावाचं गाव आहे. तिथले होनाजी भागोजी केंगले, महादेव कोळी समाजातले. १८७३ पासून त्यांनी सावकारांविरुद्ध टोळ्या उभ्या केल्या. पुणे, नगर, नाशिक, ठाणे, चारही जिल्ह्यांच्या डोंगरात त्यांचा वावर होता. कर्जाच्या कागदावर गाव गिळणाऱ्या सावकारांची नाकं कापली गेली. सरकारनं हजार रुपयांचं इनाम लावलं. अखेर १८७६ च्या जुलैत मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्यानं होनाजींना पकडलं. या मेजरचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. मधल्या काळात, मे १८७५ मध्ये, सुप्यापासून दख्खनचे दंगे पसरले. त्यात शेतकऱ्यांचा राग माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे काढा, जाळा, मोकळे व्हा.

आणि मग १८७८ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत दोन कायदे एकाच महिन्यात आले. एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं. दुसऱ्यानं शस्त्रं. बंदूक बाळगायची, विकायची, बनवायची तर सरकारी परवाना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. म्हणजे एकाच रस्त्यावरून बंदूक खांद्याला लावून दोघं चालले, तर त्यातला गोरा शिकारीला निघालेला आणि काळा गुन्हेगार. कायद्यात तो रंगभेद लिहिलेला होता, लपवलेला नव्हता. ज्याला आखाड्यात नेम शिकवला गेला, त्याच्या हातातली बंदूकच आता गुन्हा ठरली.

या कायद्यानं वासुदेव बळवंतांना उठवलं, असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते खरं वाटत नाही. बेत आधीपासूनचा होता. कायद्यानं एवढंच केलं की उघड्यावर होणारी गोष्ट अंधारात गेली आणि महाग झाली. बंदूक मिळवायची तर चोरून, दारू-गोळ्या चोरून, माणसं चोरून. चोरीच्या मालाला भाव जास्त. पुन्हा हिशेबच.

चारशे रुपये

आधी त्यांनी पुण्यातल्या पैसेवाल्यांचे दरवाजे ठोठावले. देशासाठी पैसे द्या, राज्य आलं की फेडू. कुणी दिले नाहीत. जे सभेत टाळ्या वाजवत तेही नाहीत. सुशिक्षितांकडून काही होणार नाही हे कळल्यावर ते रामोशांकडे वळले. रामोशी म्हणजे पूर्वीचे गडांचे आणि गावांचे राखणदार. इंग्रजी अमलात वतनं गेली आणि राखणदारालाच चोर ठरवलं गेलं. डोंगरवाटा त्यांना ठाऊक, हत्यार धरणारे हातही तयार. रामोशी, कोळी, धनगर मिळून तीनशेच्या आसपास माणसं जमली, असं सांगतात. फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याच्या पूर्वेला लोणीकंदच्या बाजूला जमवाजमव झाली आणि महिन्याच्या शेवटी शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिला छापा पडला.

किती मिळाले? चारशेच्या आसपास रुपये. गावात गोळा झालेला सरकारी कराचा पैसा होता तो.

लष्कराच्या खर्चाचे आकडे वर्षानुवर्षं लिहिलेल्या माणसानं त्या रात्री ते पैसे मोजले असतील तेव्हा त्याला काय वाटलं असेल? फौज ठेवायची तर महिन्याचा पगार पाहिजे. बंदुका, दारू, घोडे पाहिजेत. त्यांचा आराखडा असा होता की छाप्यांतून पैसा उभा करायचा, त्यातून माणसं ठेवायची, मग एकाच वेळी ठिकठिकाणी उठाव करून टपाल, तारा, रेल्वे तोडायच्या, तुरुंग फोडायचे. सरकारला एका जागेची बातमी दुसरीकडे कळूच द्यायची नाही. कागदावर हे चांगलंच होतं. पण सुरुवातीच्या भांडवलातच घोडं अडलं. पुढं वाल्ह्यासारख्या ठिकाणी छापे झाले, दागिने आणि कापडचोपड मिळालं. सरकारनं आणि इंग्रजी पत्रांनी दरोडेखोर हा शिक्का मारला तो मारलाच.

दुसरी अडचण माणसांची. सोबत्यांपैकी बऱ्याचजणांना लूट मिळाली की घरी जायचं होतं. दुष्काळातून उठलेली, घरी पोरं उपाशी असलेली माणसं ती. त्यांना स्वराज्याचं स्वप्न आणि वाटणीची थैली यातली थैली जवळची वाटली, यात त्यांचा दोष किती काढायचा? वासुदेव बळवंतांनी मात्र तो काढला. त्यांच्या आत्मचरित्रात ही कडवट निराशा उतरली आहे, आणि तिथं मी त्यांच्या बाजूनं नाही. उपाशी माणसाकडून पगाराशिवाय पाच महिने डोंगरात राहण्याची अपेक्षा करणं हा त्यांच्या हिशेबातलाच घोटाळा होता.

निराश होऊन ते दक्षिणेला गेले, कृष्णेकाठच्या श्रीशैल मल्लिकार्जुनाला. तिथं देवापुढं शिर वाहायचं त्यांच्या मनात होतं. ते घडलं नाही. त्या मुक्कामात त्यांनी आपली हकीकत लिहून काढली, कारकुनी सवयीला शोभेल अशी. इकडं त्यांचा सर्वांत भरवशाचा साथी दौलतराव नाईक यानं मे महिन्यात घाट उतरून पनवेलच्या बाजूला पळस्पे आणि चिखलीवर छापे घातले. लूट मोठी मिळाली, पण परतताना घाटात गाठ पडली मेजर डॅनियलच्या तुकडीशी. होनाजींना पकडणारा तोच. चकमकीत दौलतराव मारला गेला. वासुदेव बळवंतांचा उजवा हात गेला तो कायमचाच.

पुण्यात भीती

त्याच मे महिन्यात त्यांचा जाहीरनामा सरकारदरबारी पोचला. लोकांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार कापा, नाहीतर परिणाम भोगा. वाचताना गंमत वाटते, मागण्या जवळजवळ अंदाजपत्रकातल्या. सरकारनं त्यांच्या डोक्यावर इनाम लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर लावलं. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. आग यांच्या माणसांनी लावली अशी हवा झाली, पण त्यात त्यांचा हात नव्हता. तरी पुण्यातल्या साहेब लोकांची झोप उडाली, आणि संशयाची सावली थेट रानड्यांपर्यंत गेली. त्यांची धुळ्याला बदली झाली. लंडनच्या पत्रांतही या उठावाची चर्चा झाली. मूठभर माणसं, हाती तलवारी आणि थोड्या बंदुका, आणि त्यांच्यामागं फौज, पोलीस, शिवाय निजामाच्या राज्यातलेही पोलीस. आता त्यांना रोहिल्यांना आणि अरबांना पगारी सैनिक म्हणून उभं करायचं होतं. बोलणी चालू होती. पैसे पुन्हा नव्हते.

पाठलाग मात्र जवळ आला होता. पावसाळा सुरू झालेला, अंगात ताप. २० जुलै १८७९ ला तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या विजापूरकडच्या देवर नावदगीला ते थकून झोपले असताना डॅनियलनं त्यांना घेरलं. ज्या हातांनी आयुष्यभर नेमाचा सराव केला, त्यांत बेड्या पडल्या त्या एका तापल्या झोपेत.

पुण्याला आणून संगम पुलाजवळच्या न्यायालयात खटला चालला. राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप. ज्यांच्यामुळे स्वदेशीचं वेड लागलं, ते सार्वजनिक काका वकील म्हणून उभे राहिले. कोर्टाबाहेर गर्दी व्हायची. पैसे मागायला गेले तेव्हा बंद झालेल्या दारांमधलेही काहीजण त्या गर्दीत असतील. श्रीशैलला लिहिलेलं आत्मचरित्र आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली होती. तोच त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा झाला, आणि पुरावा म्हणून सरकारी दप्तरात गेल्यामुळेच ते लिखाण आपल्यापर्यंत टिकलं. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती कोठडी आज सीआयडीच्या आवारात स्मारक म्हणून जपली आहे.

जानेवारी १८८० मध्ये त्यांची रवानगी झाली. त्याच महिन्यात पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. ज्या सुशिक्षितांवरचा विश्वास वासुदेव बळवंतांचा उडाला होता, त्यांची पुढची पिढी त्या वर्गांत बसू लागली होती, आणि यांना त्याची बातमीही मिळणार नव्हती. अंदमानला नव्हे, एडनला पाठवलं. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. समोर समुद्र, मागं उघडे काळे डोंगर, मराठी बोलणारं कुणी नाही.

एका रात्री त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटलं आणि पळाले. हत्यार नाही, बार भरायला दारू नाही, फक्त लहुजींच्या तालमीत कमावलेलं अंग. काही तासांतच पकडले गेले, कारण त्या उघड्या मुलखात लपायला सह्याद्रीसारखी एकही दरी नव्हती. नंतर बेड्या वजनदार झाल्या, पहारा वाढला, कोठडीतलं एकटेपण वाढलं. शरीर आधीच खंगलेलं, त्यात त्यांनी अन्न सोडलं. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले. सदतीस वर्षांचे होते. त्याच्या बरोबर दोन वर्षं आधी, १८८१ च्या १७ फेब्रुवारीलाच, पुण्यात लहुजी वस्ताद वारले होते. ही बातमी एडनला पोचली होती की नाही, कोण जाणे. शस्त्रांचा तो १८७८ चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिला. १९५९ मध्ये नवा आला तेव्हा गोऱ्या-काळ्याचा भेद कधीच गेला होता, परवान्याचा कागद तेवढा राहिला.